मागच्या डाव्या सीटवर बसलेल्या सासूबाईंस

तीर्थस्वरूप सासूबाईंच्या पायांवर जावयाचं डोकं.

पत्राच्या सुरुवातीला तब्येतीची चौकशी करायची रीत आहे. तुम्हाला जाऊन सव्वातीन महिने झाले, त्यामुळे ती करावी की नाही याचा मी बराच वेळ विचार केला. पण न करणं जावयाला शोभत नाही, म्हणून करतो. गुडघे आता दुखत नसावेत. खोकलाही थांबला असेल. आमच्याकडचं विचाराल तर नवी गाडी धड चालत नाही आणि तुमची लेक माझ्याशी बोलत नाही. एवढं सोडलं तर सगळं क्षेम आहे. पत्र टपालात टाकायची सोय नसल्यामुळे (पत्ता काय घालणार? गाडीचा नंबर, मागची सीट, डावी बाजू?) ते पुढच्या सीटच्या पाठीला जो खिसा असतो त्यात ठेवतो आहे. तुमच्या बरोबर समोर येईल. चष्मा तुमच्याबरोबर दिला की कपाटात राहिला हे मला आठवत नाही, म्हणून अक्षर मोठं काढलं आहे.

मुळापासून सांगतो, कारण तुमच्या कानावर कोणी काय घातलं असेल कोण जाणे. तुमचा जावई सत्तावीस वर्षं लोकांच्या लिफ्ट तपासतो. दोर, ब्रेक, दारं, दार आणि चौकट यांच्यामधली फट. फट डोळ्यांनी बघायची नाही, पट्टी घालून मोजायची, हा माझा नियम. यंत्र खोटं बोलत नाही, खोटं बोलतो तो माणूस, हे वाक्य मी घरात इतक्यांदा म्हटलं आहे की ही ते माझ्याआधीच पुरं करायची (बोलत होती तेव्हा). असा माणूस गाडी घ्यायला गेला म्हणजे विकणाऱ्याच्या मागे साडेसातीच लागली म्हणायची. शोरूममधला तो विक्रेता, ज्याला मी हसऱ्या म्हणतो, कारण त्याचे ओठ मिटलेले मी पाहिलेच नाहीत, किल्ली द्यायला पुढे झाला आणि मी खिशातून फटी मोजायच्या पट्ट्या काढल्या. बॉनेट ठीक. डिकी ठीक. तीन दारं ठीक. मागच्या डाव्या दाराची फट वरच्या अंगाला दोन मिलिमीटर जास्त. हसऱ्या म्हणाला, दिसत तर नाही. मी म्हटलं, दिसत नाही म्हणूनच मोजायची असते. गाडी मी घेतली नाही. दुसरी यायला सहा आठवडे लागतील असं ठरलं आणि चौथ्या आठवड्यात तुम्ही गेलात. बैल गेला आणि झोपा केला, असं म्हणतात (हा वाक्प्रचार तुमच्या बाबतीत वापरू नये हे मला कळतं, पण याहून चपखल दुसरा सापडत नाही).

गाडी घेतली की पहिली फेरी तुमची, असा शब्द मी तुम्हाला दिला होता. एकदा नाही, दर महिन्याला. तुम्ही कधी हट्ट केला नाहीत. उलट म्हणायचात, घाई कशाला, नीट पारखून घ्या, चार महिने गेले तरी चालतील. गाडी परत पाठवली त्या दिवशी मी मान खाली घालून तुमच्या खोलीत आलो तेव्हाही तुम्ही बरं केलंत म्हणालात. दुसरी कोणी असती तर तोंड फुगवून बसली असती. घरात निदान एका माणसाला माझ्या कामाची किंमत आहे, असं मला तेव्हा वाटलं होतं. तुमचं ते मोठं मन आठवलं की अजून घास उतरत नाही.

ही मात्र काही बोलली नाही. बोलली नाही म्हणजे बोललीच नाही. तुम्ही गेल्यापासून दिवसाला आठ-दहा शब्द. किल्ली. दूध. दार लावा. (शेवटचे दोन शब्द एका दमात आले की मी तो दिवस चांगला धरत असे.) बावीस वर्षांच्या संसारात ही झोपेतसुद्धा माझ्याशी वाद घालायची, मी दचकून उठलो तर वाद जिंकून कूस बदललेली असायची. तिच्या गप्प बसण्याची मला सवय नाही. घर तेच, भांडी तीच, पण स्वयंपाकघरातून नुसता नळाचा आवाज यावा आणि माणसाचा येऊ नये, हे फार वाईट असतं सासूबाई. ते दोन मिलिमीटर आमच्या दोघांच्या मधे येऊन बसलेत हे ओळखायला मला पट्टी लागली नाही. मी तिला विचारलं मात्र नाही. विचारलं आणि तिने हो म्हटलं, तर पुढे काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं.

तर गाडी आली. सहा आठवड्यांची मुदत केव्हाच टळून, तुमच्यानंतर अडीच महिन्यांनी. यावेळी मी पट्ट्या घरी ठेवून गेलो आणि मुकाट्याने सही केली. हसऱ्याचे ओठ पहिल्यांदा मिटले. सीटवरचं प्लास्टिक मी काढू दिलं नाही, कारण नवं ते नवं दिसलं पाहिजे. आता वाटतं, काढलं असतं तर बरं झालं असतं, कारण पहिल्या दिवसापासून डावीकडे वळताना मागचं प्लास्टिक कुरकुरायचं. उन्हाने ताणलं असेल, म्हटलं. पण ऊन दोन्ही सीटवर सारखं पडतं, आणि कुरकुर फक्त डावीकडून, तीही आपण वळणावर अंग सावरून बसतो ना, तेवढीच. दुसऱ्या दिवशी मागची डावी काच आपोआप चार बोटं खाली आली. मी वर केली. ती परत चार बोटं खाली आली. ही पुढे माझ्या शेजारी बसली होती, तिने पदर सारखा केला आणि बाहेर बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी, मीटरवर एकसष्ट किलोमीटर झालेले असताना, भर दुपारी चार रस्ते मिळतात तिथे गाडी बंद पडली. झटका नाही, धूर नाही, आवाज नाही. इंजिन हळूच थांबलं आणि समोर लाल दिवा लागला. मागच्या डाव्या प्रवाशाने पट्टा लावलेला नाही, असं सांगणारा दिवा. सोबत टिंग टिंग. मी किल्ली फिरवली, टिंग टिंग. मागे वळून पाहिलं, सीट रिकामी. पाठीमागे गाड्यांची रांग लागली, हॉर्नवर हॉर्न. मी रीतीप्रमाणे खाली उतरून बॉनेट उघडलं आणि कमरेवर हात ठेवून आत बघत उभा राहिलो (लिफ्ट तपासणाऱ्याला गाडीच्या इंजिनात काय कळणार, पण बघितल्यावर लोक हॉर्न थोडा कमी वाजवतात). बॉनेटच्या फटीतून मला दिसलं की ही उतरली, मागचं डावं दार उघडलं, आत वाकली आणि पट्टा ओढून खट्टकन लावला. रिकाम्या सीटला. मग वळसा घालून उजव्या बाजूने मागेच जाऊन बसली. टिंग टिंग थांबलं. इंजिन आपणहून सुरू झालं, किल्ली माझ्या हातात असताना. मी बॉनेट पाडून आत बसलो तेव्हा ही मागे म्हणत होती, "आई, आता ठीक?"

अडीच महिन्यांत तिने उच्चारलेलं ते पहिलं अख्खं वाक्य. मी गाडी पहिल्या गिअरमध्येच घरी आणली. भीतीने किती आणि आनंदाने किती, याची फोड मला करता आली नाही.

तेव्हापासून ही मागे बसते. मी पुढे एकटा, भाड्याने लावलेल्या ड्रायव्हरसारखा. घरातून निघताना ती आधी डावा पट्टा लावते, मग स्वतःचा, आणि मग जे बोलायला लागते ते परत दारात येईपर्यंत. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी दुधाच्या पिशव्या कशा लपवल्या, शिंपिणीने बाही कशी बिघडवली, रात्री पाठ कुठे दुखते. माझ्याविषयीही बोलते. मी अंघोळीला किती वेळ लावतो, चादरीची घडी किती काटेकोर घालतो, आणि हल्ली जेवत कसा नाही. हे सगळं मला आरशातून ऐकावं लागतं. मधे एकदा मी हूं म्हटलं, तर ती गप्प झाली, म्हणून आता खोकलासुद्धा गिळतो. आणि आरशात जे दिसतं ते तुम्हाला सांगायची गरज नाही, पण नोंद असावी म्हणून सांगतो. रिकाम्या सीटवर लावलेला पट्टा सीटच्या पाठीला चिकटून बसायला हवा. तो बसत नाही. सीट आणि पट्टा यांच्यात पोकळी राहते, मधे माणूस असावा एवढी. मी एकदा गाडी उभी करून मोजायला हात पुढे केला होता. पट्टा किंचित आत गेला आणि बाहेर आला. मी हात मागे घेतला.

मेकॅनिककडे नेली. कंपनीचा खास माणूस, वयाने मोठा, बोलायला कमी, कान केसाळ. त्याने लॅपटॉप जोडून सगळं तपासलं आणि सांगितलं की या गाडीत पट्ट्याच्या दिव्याचा इंजिनाशी संबंधच नाही. तशी तारच नाही. पट्टा लावला नाही तर घंटा वाजेल, गाडी बंद पडू शकत नाही. मग एक चक्कर मारून बघतो म्हणून तो एकटाच गाडी घेऊन गेला. अर्ध्या तासाने चालत परत आला. घोडं कुठे पेंड खातंय, असं मी विचारलं. त्याने आधी नळावर बराच वेळ हात धुतले. मग म्हणाला, गाडी कोपऱ्यावर उभी आहे, छान चालते, आणि माझ्याकडे न बघता फॉर्मवर लिहून दिलं, दोष आढळला नाही. ही तीन अक्षरी शिफारस मी सत्तावीस वर्षं लोकांना देत आलो (मोजलेत तर तीन शब्द आहेत, अक्षरं जास्त भरतील, पण मन थाऱ्यावर नाही). ती वाचताना लोकांना कसं वाटत असेल हे मला त्या दिवशी कळलं. निघताना त्याने एवढंच सांगितलं की साहेब, आरसा जरा वर करून चालवत जा.

आता यंत्र खोटं बोलत नाही म्हणणाऱ्या माणसाने काय करावं? दिवा म्हणतो बसलंय, मेकॅनिक म्हणतो कोणी नाही. लिफ्टच्या बाबतीत असा वाद झाला की आम्ही वजन करतो. म्हणून मागच्या आठवड्यात मी गाडी ट्रक तोलायच्या काट्यावर नेली. गाडीचं कागदावरचं वजन अधिक पेट्रोल अधिक डिकीतला जॅक, सगळं धरून एक हजार चाळीस यायला हवं होतं. आम्ही दोघंही उतरलो. ही काट्याच्या कडेबाहेर, डाव्या दाराला हात पोचेल अशी उभी राहिली, मी काटेवाल्याच्या खोलीत जाऊन आकडा बघू लागलो (तोच आकडा बाहेरच्या पाटीवरही दिसत होता). एक हजार ऐंशी. चाळीस किलो जास्त. तुम्हाला आठवत असेल, माणूस लिफ्टमध्ये शिरला की मी नजरेने वजन सांगतो. तुम्हाला मी पहिल्यापासून चाळीस धरत आलो. तेवढ्यात काचेतून मला दिसलं की हिने डावं दार उघडून धरलं आहे आणि आत बघून काहीतरी बोलते आहे. (नंतर गाडीतल्या तिच्या बोलण्यातून कळलं, म्हणाली होती, जरा उतर, यांना बघू दे.) आकडा हलला. एक हजार चाळीस.

काटेवाला चहा पीत होता, तो खाली ठेवून म्हणाला, साहेब, कोण उतरलं? मी म्हटलं, कोणी नाही. आम्ही दोघं आकड्याकडे बघत उभे. बाहेर लख्ख ऊन, पत्र्याचं कुंपण, मागे दोन ट्रक खोळंबलेले, आणि गाडीपाशी ही एकटी दार धरून उभी, पाहुणा आत यायची वाट बघावी तशी. दोनेक मिनिटं गेली. पाहुण्याला घाई नव्हती. मग गाडी डावीकडे एवढीशी कलली आणि आकडा पुन्हा एक हजार ऐंशी झाला. हिने दार लावून घेतलं. काटेवाल्याने पावती दिली नाही. एका गाडीची दोन वजनं आली तर पावती फाडता येत नाही, असा नियम आहे म्हणाला, आणि पुढच्या वेळी दुसरा काटा बघा, अशी हात जोडून विनंती केली. माणूस सज्जन होता. परतीच्या वाटेवर ही एक शब्द बोलली नाही, तुमच्याशीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवसापासून परत बोलायला लागली, पण आधीसारखं आई आई करत नाही, नुसतंच सांगते. तुम्ही दोघी भांडलात की काय, अशी मला शंका आहे. मधे पडायचा माझा हेतू नाही.

असो. आता मुद्द्यावर येतो. तुम्हाला दिलेला शब्द मी वेळेत पाळला नाही, हे मला कबूल आहे. पण आजवर गाडीचे चारशे बारा किलोमीटर झाले, त्यातले साडेतीनशे तरी तुमच्यासह. एवढ्याने पहिली फेरी पुरी झाली असं मी नम्रपणे समजतो. तरी आपण आता उतरावं, ही हात जोडून विनंती. तुम्ही उतरलात तर ही माझ्याशी बोलायला लागेल असं मला वाटतं. किंवा मग कायमची गप्प होईल. या दोहोंतलं काय होईल हे तपासायचं साधन माझ्याकडे नाही, आणि आयुष्यात प्रथमच मी न तपासता सही करतो आहे. लहान तोंडी मोठा घास घेतला, क्षमा असावी. थोरामोठ्यांना नमस्कार सांगावा, तिथे आता बरेच ओळखीचे असतील.

आपला आज्ञाधारक जावई

ता. क. वरची विनंती मागे घेतो. उतरू नका. काल तुम्ही उतराल या विचाराने मला झोप आली नाही. ही निदान गाडीत तरी बोलते, तेवढं माझ्या कानांना पुरतं. पण अडचण अशी की उद्या दहा वाजता तो मेकॅनिक मागची डावी सीट बदलणार आहे, पुरी, पट्ट्यासकट. मीच तसा अर्ज दिला होता. सीटबरोबर तुम्हाला कुठल्या गोदामात नेऊन टाकतील सांगता येत नाही. तरी उद्या दहाच्या आत कृपया उजवीकडे सरकून बसावं.

ता. क. दुसरा. खरं सांगायचं तर सरकायला सांगण्यात माझा स्वार्थ आहे. तुम्ही उजवीकडे बसलात की हिला तिथे जागा उरणार नाही. डावी सीट मेकॅनिकच्या ताब्यात. मग तिला पुढे माझ्याशेजारी येऊन बसावं लागेल. बोलू दे तुमच्याशीच, मान वळवून. मला चालेल.

ता. क. तिसरा. त्या दोन मिलिमीटरबद्दल माफी मागायची राहिली, आणि पत्र लिहिलं ते मुळात त्यासाठीच. या गाडीच्या डाव्या दाराची फट मी काल मोजली. तीन जास्त आहे. मी कोणाला सांगितलं नाही.

(याखाली पेन्सिलीने, वेगळ्या अक्षरात)

अहो,

पाण्याची बाटली ठेवायला खिशात हात घातला तर हे मिळालं. आईच्या नावाचं पत्र मी वाचणारच, तिची सगळी पत्रं मीच वाचून दाखवायची.

आईला गाडी लागायची. नुसती लागायची नाही, चार चाकांची तिला धास्ती होती. तुम्ही गाडी घेणार म्हटल्यापासून तिच्या डोळ्याला डोळा नव्हता, आणि जावयाला नाही कसं म्हणायचं म्हणून घाई नको, घाई नको करत राहिली. तुम्ही गाडी परत पाठवलीत त्या दिवशी ती पोटभर जेवली. तेव्हा ते दोन मिलिमीटर मनातून काढून टाका. मी तुमच्यावर रागावले होते हे मला आत्ता तुमच्याकडून कळतंय. मी रागावले नव्हते. आई गेली आणि तोंडात शब्दच उरले नाहीत. विचारलं असतंत तर सांगितलं असतं.

त्या दिवशी चौकात मलाही ती आईच वाटली, वाटावी अशी फार इच्छा होती. काट्यावर चाळीस किलो उतरलं तेव्हा कळलं. आई शेवटी एकतीस किलोची झाली होती. रोज मी उचलत होते, माझ्या हातांना ठाऊक आहे.

मागे आई नाही. आई या गाडीत चढलीच नसती. कोण आहे ते मला माहीत नाही, आणि विचारायचा धीर होत नाही. पण सगळं ऐकून घेतं, मधे बोलत नाही, म्हणून मी बोलत राहिले.

मेकॅनिकला नको म्हणून कळवा. सीट बदलून ते कुठे जाऊन बसेल याचा नेम नाही. उद्या मी पुढे बसते. तुम्ही मागे बघू नका, आणि काय बोलायचं असेल ते माझ्याशी बोला.